परसदारचा काळा अक्रोड

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडलेला एक विद्यार्थी सध्या अमेरिकेतील ओहायो राज्यात राहतो. तेथे त्याने एक जुने घर विकत घेतले. घरामागे ऐसपैस परस आणि परसाच्या कोपऱ्यात एक उंच, काळसर सालीचा वृक्ष. घर घेतले तेव्हा हिवाळा होता. झाडावर एकही पान नव्हते, त्यामुळे ते कशाचे झाड आहे याची चौकशी कोणी केली नाही.

उन्हाळ्यात त्याची आई येथून तिकडे गेली. आपल्याकडची माणसे मोकळी जमीन पाहून स्वस्थ बसत नाहीत. तिने मे महिन्यात वाफे केले आणि टोमॅटो, वांगी, मिरची, कांदा व घेवडा लावला. जूनअखेरपर्यंत सारे ठीक होते. मग एका आठवड्यात टोमॅटोची रोपे माना टाकू लागली. पाणी घालून माती ओली ठेवली, तरी ती सावरली नाहीत. पाठोपाठ मिरची आणि वांगी पिवळी पडली. कांदा आणि घेवडा मात्र जसेच्या तसे हिरवेगार! कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याने येऊन पाहिले, झाडाकडे बोट दाखवले आणि निकाल दिला, “हा काळा अक्रोड. हा जमिनीत विष सोडतो. भाज्या हव्या असतील तर झाड तोडा.”

विद्यार्थ्याने मला लिहिले, “सर, आई म्हणते की, एवढा मोठा वृक्ष चार टोमॅटोंसाठी तोडायचा नाही. शेजारी म्हणतात, तोडाच. तुम्ही आम्हाला नेहमी सांगायचात की, आधी मोजा, मग मत द्या. येथे मी काय मोजू?”

प्रश्न मला आवडला. मी भौतिकशास्त्राचा शिक्षक, वनस्पतिशास्त्राचा नव्हे. तरीही एखादा आरोप सिद्ध कसा करायचा, हा प्रश्न साऱ्याच विज्ञानांचा आहे. म्हणून त्याला दिलेले उत्तर जरा विस्ताराने तुमच्यापुढे मांडतो.

झाडाची ओळख

आपण दिवाळीच्या फराळात किंवा केकमध्ये जो अक्रोड खातो, त्याचे शास्त्रीय नाव ‘जुग्लान्स रेजिया’. आपल्या देशात तो काश्मीर आणि हिमालयाच्या इतर थंड भागांत होतो. काळा अक्रोड हा त्याचा अमेरिकन भाऊ, ‘जुग्लान्स नायग्रा’. अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागांतील जंगलांत, विशेषतः नदीनाल्यांकाठच्या खोल व सुपीक जमिनीत तो आपोआप वाढतो. ‘जुग्लान्स’ या लॅटिन नावाचा अर्थ ‘ज्युपिटर देवाचे फळ’, आणि ‘नायग्रा’ म्हणजे काळा.

हा वृक्ष ३० मीटर किंवा त्याहूनही उंच होऊ शकतो. त्याचे पान संयुक्त असते. आपल्या कडुनिंबाप्रमाणे एका लांब दांड्यावर दोन्ही बाजूंना पर्णिका असतात, बहुधा १५ ते २३. वसंत ऋतूत आजूबाजूची झाडे हिरवी झाली तरी हा अजून उघडाच असतो, आणि शरद ऋतूत सर्वांच्या आधी पाने गाळतो. कोवळी फांदी उभी चिरली, तर मधला भेंडासारखा भाग सलग नसून त्यात शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे पडदे दिसतात. अक्रोडाच्या जातीची ही एक खूण आहे.

नरफुले लोंबत्या तुऱ्यांत येतात आणि मादीफुले लहान गुच्छांत. परागकण वाऱ्याने वाहून जातात. त्यापासून जे फळ तयार होते ते लिंबाच्या रंगाचे, टेनिसच्या चेंडूपेक्षा थोडे लहान, म्हणजे साधारणतः ५ सेंटिमीटर व्यासाचे असते. बाहेर जाड हिरवी साल, आत खडबडीत खाचांचे अत्यंत कठीण कवच आणि त्याच्या आत गर. सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत ही फळे गळू लागतात आणि झाडाच्या मालकाच्या कटकटींना सुरुवात होते.

छपरावरचा मारा

पहिली कटकट भौतिकशास्त्राची आहे, म्हणून ती आधी घेऊ.

१५ मीटर उंचीच्या फांदीवरून एक फळ सुटले असे धरा. हवेचा अवरोध क्षणभर बाजूला ठेवू. वेगाचा वर्ग = २ × ९.८ × १५ = २९४. म्हणजे जमिनीवर पोहोचताना वेग सेकंदाला सुमारे १७ मीटर, ताशी ६२ किलोमीटर. प्रवासाला लागणारा वेळ अवघा पावणेदोन सेकंद. “सांभाळ!” असे ओरडून होईपर्यंत फळ डोक्यावर आलेले असते.

आता हवेचा विचार करू. ५ सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचे घनफळ सुमारे ६५ घन सेंटिमीटर होते. फळ पाण्यापेक्षा किंचित हलके धरले, तर त्याचे वस्तुमान ६० ग्रॅम येईल. अशा गोलाचा हवेतील अंतिम वेग, म्हणजे हवेचा अवरोध आणि वजन समान झाल्यावरचा वेग, सेकंदाला सुमारे ३२ मीटर निघतो. आपले फळ त्या वेगाच्या निम्म्यापर्यंतच पोहोचते, म्हणून हवा त्याला फारसे अडवू शकत नाही. हिशेब केला तर १७ ऐवजी १६ मीटर प्रतिसेकंद एवढाच फरक पडतो. या वेगाने आदळताना त्याची गतिज ऊर्जा सुमारे ७.७ ज्यूल असते. एक किलोचे वजन ७८ सेंटिमीटर उंचीवरून सोडले, तर तेवढीच ऊर्जा मिळते. मोटारीचा पत्रा का चेमटतो, पत्र्याच्या छपरावर रात्री गोळीबार झाल्यासारखा आवाज का होतो, ते यावरून कळेल. म्हणून काळ्या अक्रोडाखाली मोटार उभी करू नये, बसायचे बाक ठेवू नये आणि गळतीच्या दिवसांत लहान मुलांना तेथे खेळू देऊ नये. गवत कापण्याच्या यंत्राखाली आलेले फळ तर गोफणीतल्या दगडासारखे उडते, म्हणून आधी फळे वेचावीत आणि मग यंत्र फिरवावे.

काळे हात आणि मेंदी

दुसरी कटकट रसायनशास्त्राची आहे. गळून पडलेल्या फळाची हिरवी साल दोन-चार दिवसांत तपकिरी आणि मग काळी पडते. उघड्या हातांनी ती सोलली, तर बोटे तपकिरी होतात आणि साबणाने कितीही घासली तरी डाग जात नाही. कातडीचा तो थर झडेपर्यंत तो राहतो. कपड्यांवर पडला तर कायमचाच! याच गुणामुळे अक्रोडाच्या सालीपासून कापडाचा रंग आणि लिहिण्याची शाई पूर्वीपासून बनवत आले आहेत.

या सालीत टॅनिनांबरोबरच ‘जुग्लोन’ नावाचे द्रव्य असते. एकोणिसाव्या शतकात १८५० च्या दशकात ते वेगळे करण्यात आले आणि १८८७ मध्ये प्रयोगशाळेत तयार करण्यात आले. त्याच्या रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे ६ आणि ऑक्सिजनचे ३ अणू असतात. त्याचा रेणुभार किती, हे तुम्हीच काढा (उत्तर १७४ यायला हवे). जिवंत झाडात हे द्रव्य बहुतांशी एका वेगळ्या, रंगहीन आणि निरुपद्रवी रूपात साखरेच्या रेणूला जोडलेले असते. पेशी फुटली आणि हवेतील ऑक्सिजनशी संबंध आला की त्याचे ऑक्सिडीकरण होऊन जुग्लोन बनते. कापलेले सफरचंद किंवा वांगे हवेत काळे पडते, तेही ऑक्सिडीकरणच, पण तेथील द्रव्ये निराळी असतात.

आता एक गंमत पाहा. मेंदीच्या पानांत हात रंगवणारे जे द्रव्य असते, त्याला ‘लॉसोन’ म्हणतात. त्याच्या रेणूतही कार्बनचे १०, हायड्रोजनचे ६ आणि ऑक्सिजनचे ३ अणू असतात. अणू तेच आणि तेवढेच! दोन्ही रेणूंत एकमेकींना चिकटलेली दोन षटकोनी कडी असतात. फरक एवढाच की ऑक्सिजन व हायड्रोजनचा एक गट मेंदीमध्ये दुसऱ्या स्थानावर बसतो, तर अक्रोडामध्ये पाचव्या. अशा संयुगांना समघटक म्हणतात. एका गटाने जागा बदलली आणि एक द्रव्य आपल्या लग्नघरात मानाने आले, तर दुसऱ्यावर विषप्रयोगाचा आरोप झाला. आपल्याकडच्या चित्रक या औषधी वनस्पतीच्या मुळांतले ‘प्लंबाजिन’ तर जुग्लोनचा सख्खा नातेवाईक आहे. जुग्लोनच्या रेणूत हायड्रोजनच्या एका अणूच्या जागी मिथिल गट बसवला की प्लंबाजिन होते. चित्रकाचे ताजे मूळ कातडीवर लावले तर फोड येतात, हे वैद्यमंडळींना चांगले ठाऊक आहे.

आरोप कसा आला?

अक्रोडाची सावली वाईट, ही समजूत फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक थोरला प्लिनी याने अक्रोडाची सावली जड असते आणि तिच्याजवळ लावलेल्या झाडांना ती अपाय करते, असे लिहून ठेवले आहे. त्याच्यापुढे होता तो आपला नेहमीचा अक्रोड. काळा अक्रोड रोमन लोकांनी पाहिलेला असणे शक्यच नव्हते.

आधुनिक काळात हा प्रश्न अमेरिकेत पुढे आला. व्हर्जिनिया राज्यातील मॅसी या शास्त्रज्ञाने १९२५ मध्ये असे दाखवले की, टोमॅटो आणि लसूणघास ही पिके काळ्या अक्रोडाची मुळे जेथवर पोहोचतात तेथे कोमेजतात. पुढे १९२८ मध्ये डेव्हिस याने अक्रोडाच्या सालीतून व मुळांतून काढलेले द्रव्य म्हणजे जुग्लोनच होय असे ठरवले आणि ते टोमॅटो व लसूणघासाच्या खोडात टोचले. रोपे कोमेजली. १९३७ मध्ये ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ हान्स मोलिश याने एका वनस्पतीने रासायनिक द्रव्यांच्या द्वारे दुसरीवर परिणाम करण्याच्या प्रकाराला ‘ॲलेलोपॅथी’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘परस्परांमुळे सोसणे’. पाठ्यपुस्तकांना एक ठसठशीत उदाहरण हवे होते. काळा अक्रोड त्या जागी बसला तो आजतागायत.

जुग्लोन हे विष आहे याबद्दल शंका नाही. पेशीतील तंतुकणिकांमध्ये चालणाऱ्या श्वसनक्रियेत ते बिघाड करते. टोमॅटो, बटाटा, मिरची आणि वांगे ही एकाच कुळातील पिके त्याला बळी पडतात असे बागकामाच्या पुस्तकांत असते. कांदा, बीट, गाजर, मका आणि घेवडा यांना ते सोसते असे सांगतात. पत्रातील वाफ्यांचे वर्णन या यादीशी अगदी तंतोतंत जुळते. मग खटला संपला, नाही काय?

उलटतपासणी

नाही. चांगला वकील येथे उभा राहून तीन प्रश्न विचारील.

पहिला प्रश्न असा. द्रव्य विषारी आहे, पण ते पुरेशा प्रमाणात रोपाच्या मुळापर्यंत पोहोचते काय? खोडात सुईने टोचणे आणि मातीतून मिळणे यांत मोठा फरक आहे. जुग्लोन पाण्यात फारच थोडे विरघळते, त्यामुळे मातीत ते दूरवर पसरत नाही. शिवाय १९८८ मध्ये श्मिट याने असे दाखवले की, मातीतील काही जिवाणू जुग्लोन खाऊन वाढतात आणि त्याचा नाश करतात. म्हणजे नळ चालू आहे, पण बादलीला भोकही आहे. बादलीत पाणी किती उरेल, हे दोन्ही वेगांवर ठरते. जिवंत माती, हवा आणि ओल असेल तर भोक मोठे असते, आणि पाणी तुंबलेल्या, हवा नसलेल्या चिकण जमिनीत ते लहान असते.

दुसरा प्रश्न असा. एवढ्या मोठ्या वृक्षाखाली रोप मरायला दुसरी कारणे नाहीत काय? तेथे सावली असते. टोमॅटोला दिवसाचे निदान सहा-सात तास ऊन लागते. आणि वृक्षाची मुळे मातीतील पाणी व अन्न ओढून घेतात. आंब्याच्या अगदी बुंध्याशी आपल्याकडे तरी कोण वांगी लावतो?

अमेरिकेतील इंडियाना राज्यात जोस आणि गिलेस्पी यांनी काळ्या अक्रोडाच्या ओळींमध्ये मका लावून हाच प्रश्न तपासला. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार द्रवात वाढवलेल्या मक्याच्या व सोयाबीनच्या रोपांना जुग्लोनने अपाय होतो, सोयाबीनला अधिक. आणि शेतातील जुग्लोनचे प्रमाण झाडापासून दूर जाल तसे झपाट्याने घटते. परंतु त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीत चर खणून झाडांची मुळे अडवली, तेव्हा मक्याचे पीक सुधारले, आणि जमिनीतील ओल मोजल्यावर मुख्य दोष पाण्याच्या ओढाताणीकडे जातो असे दिसले. २००० मध्ये विलिस याने तोवरच्या साऱ्या संशोधनाचा आढावा घेतला. शेतात प्रत्यक्ष काय घडते याचा पुरावा, आपण समजतो तितका पक्का नाही, असा त्याचा सूर होता. ‘सोसणारी’ आणि ‘न सोसणारी’ झाडे यांच्या ज्या याद्या छापल्या जातात, त्यांतील बराच भाग लोकांच्या अनुभवावर आधारलेला आहे, तुलनात्मक प्रयोगांवर नव्हे.

तिसरा प्रश्न असा. तो रोगच नव्हता कशावरून? मातीतील बुरशीमुळे टोमॅटोला मर रोग होतो. त्यातही पाणी असताना रोप माना टाकते.

विद्यार्थी मित्रहो, यावरून झाड निर्दोष ठरले असे समजू नका. निकाल देण्याइतका पुरावा अद्याप आपल्या हाती आलेला नाही, एवढेच ठरले. सावली, पाणी, विष आणि बुरशी असे चार संशयित आहेत आणि वाफ्यात ते चारही एकाच वेळी हजर होते.

चार ठिकाणच्या रोपांचा प्रयोग

म्हणून मी त्या विद्यार्थ्याला लिहिले की, पुढच्या उन्हाळ्यात टोमॅटोच्या एकाच वाणाची, एकाच वयाची रोपे चार प्रकारे लाव. प्रत्येक प्रकारात एक नव्हे, निदान पाच-सहा रोपे घे, कारण एखादे रोप उगीचही मरते.

(अ) काही रोपे अक्रोडाजवळच्या जमिनीत.

(ब) काही रोपे कुंड्यांत, दूरच्या मातीत. पण कुंड्या अक्रोडाजवळच, विटांवर ठेवलेल्या. येथे सावली तीच, पण मुळांचा संबंध नाही. कुंडीत पडलेली पाने व फळे रोज वेचावीत.

(क) काही रोपे कुंड्यांत, अक्रोडाखालून ताज्या आणलेल्या मातीत. त्यातील मुळांचे तुकडे चाळून काढावेत आणि कुंड्या दूर उन्हात ठेवाव्यात.

(ड) काही रोपे कुंड्यांत, दूरच्या मातीत, दूर उन्हात. ही तुलनेसाठी.

चारही ठिकाणी मातीची ओल सारखी राखायची. दर दोन दिवसांनी बोट खुपसून पाहायचे आणि वहीत नोंद करायची.

आता निकाल कसा वाचायचा ते पाहू. ‘ड’ चांगली आणि ‘ब’ लांबोडकी, फुले-फळे नसलेली झाली, तर दोष सावलीचा. ‘क’ कोमेजली, तर मातीतच काहीतरी आहे. ते जुग्लोन असेल किंवा बुरशीही असेल. तीच माती दोन महिने ओलसर, मोकळ्या हवेत ठेवून पुन्हा रोपे लावावीत. दुसऱ्या वेळी रोपे जगली तर संशय जुग्लोनवर अधिक, कारण ते मातीत कालांतराने नष्ट होते, बुरशी मात्र सहसा टिकून राहते. आणि ‘ब’, ‘क’, ‘ड’ या तिन्ही ठिकाणी रोपे जगली व फक्त ‘अ’ मेली, तर कारण जिवंत मुळांत आहे. मग ती मुळे एक तर पाणी पळवतात किंवा सतत ताजे विष पुरवतात. ‘अ’ मधली माती ओली असूनही रोपे कोमेजली, तर पाणी पळवण्याचा आरोप पडतो आणि विषाचा बळावतो.

आईने मागच्या वर्षी माती ओली ठेवली होती आणि तरी रोपे गेली, हे तुमच्या लक्षात असेलच. तो पुरावा पाण्याच्या स्पर्धेविरुद्ध जातो. पण तेवढ्याने जुग्लोन आणि बुरशी यांत निवड होत नाही. म्हणून प्रयोग हवा.

झाडाबरोबर राहणे

प्रयोगाचा निकाल काहीही लागला, तरी तोडण्याचा प्रश्न वेगळा आहे. झाड तोडले म्हणजे विष लगेच संपेल, असेही नाही. मुळे जमिनीतच राहतात आणि ती कुजेपर्यंत काही वर्षे त्यांतून द्रव्ये सुटत राहतात. म्हणजे वृक्षही गेला आणि टोमॅटोही नाही! याउलट, टोमॅटो, वांगी आणि मिरची दूरच्या उन्हात किंवा तळ असलेल्या मोठ्या कुंड्यांत लावली, तर चारही संशयित एकदमच दूर राहतात. मुळे फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात, म्हणून बुंध्यापासून १५ ते १८ मीटर अंतर ठेवावे असे तेथील जाणकार सांगतात. झाडाजवळच्या जागेत कांदा, बीट, घेवडा लावावा. पाने विरळ असल्याने खाली गवतही चांगले वाढते. गळलेली पाने फेकून देण्याचे कारण नाही. खतासाठी ढीग करून नीट कुजवली तर काही आठवड्यांत त्यांतील जुग्लोन नष्ट होते.

काही पथ्ये मात्र पाळावी लागतात. काळ्या अक्रोडाचा भुसा घोड्यांखाली अंथरू नये. त्याने घोड्यांच्या खुरांना सूज येऊन ते लंगडे होतात. बुरशी आलेली जुनी फळे कुत्र्याने खाल्ली तर त्याला झटके येऊ शकतात. ज्यांना अक्रोडाची ॲलर्जी आहे, त्यांनी हे फळही वर्ज्य मानावे.

आणि मिळते काय? सर्वप्रथम गर. तो नेहमीच्या अक्रोडापेक्षा उग्र व सुवासिक असतो, आणि आइसक्रीम व केकमध्ये वापरतात. मिसूरी राज्यातील स्टॉक्टन या गावी १९४६ पासून चालत आलेला एक कारखाना आहे. आजूबाजूच्या अनेक राज्यांतील लोक परसातील आणि रानातील फळे वेचतात, आणि ती ठिकठिकाणच्या केंद्रांवर वजन करून या कारखान्यासाठी विकत घेतली जातात. कवच वाया जात नाही. ते दळून त्याचा कठीण रवा करतात आणि यंत्रांचे भाग घासून स्वच्छ करण्यासाठी वापरतात.

घरी गर काढायचा तर हातमोजे घालून, पायाखाली रगडून हिरवी साल काढावी आणि कवचे पाण्याच्या बादलीत टाकावीत. जी बुडतात ती भरलेली आणि जी तरंगतात ती बहुधा पोचट. आत गर आक्रसला की त्या जागी हवा येते आणि सरासरी घनता पाण्यापेक्षा कमी होते. आर्किमिडीजचा नियम असा परसातही उपयोगी पडतो! हे धुतलेले पाणी मात्र वाफ्यात ओतू नये. मग कवचे सावलीत, वाऱ्यावर दोन-तीन आठवडे वाळवावीत आणि दगडावर ठेवून हातोडीने फोडावीत. साधा अडकित्ता येथे हार खातो.

लाकडाची तर बातच वेगळी! गडद तपकिरी, घोटले की चमकणारे आणि वाळल्यावर फारसे न वाकणारे. दोन्ही महायुद्धांत बंदुकांचे दस्ते करण्यासाठी हे लाकूड मोठ्या प्रमाणावर कापले गेले. आज त्याचे उंची सामान आणि पातळ पापुद्रे करतात. चांगल्या वृक्षाला इतका भाव येतो की, रात्रीतून झाडे चोरीला जाण्याचे प्रकार घडतात. या वृक्षाला आता एक नवा शत्रूही आहे. एक बारीक भुंगेरा सालीत छिद्रे पाडतो आणि आपल्याबरोबर बुरशी आणतो. सालीखाली असंख्य लहान जखमा होतात, म्हणून या रोगाला ‘हजार व्रणांचा रोग’ म्हणतात. अमेरिकेच्या पश्चिम भागात लावलेले अनेक काळे अक्रोड त्याने मेले, आणि २०१० मध्ये तो टेनेसी राज्यात, म्हणजे वृक्षाच्या मूळ प्रदेशातच आढळला. निरोगी, जुना काळा अक्रोड परसात असणे ही आज सांभाळण्याजोगी गोष्ट आहे.

आणखी एक कुटुंब त्या झाडावर अवलंबून असते, ते खारींचे. एकेक फळ त्या वेगवेगळ्या जागी पुरतात आणि हिवाळ्यात उकरून खातात. सगळीच परत उकरली जात नाहीत. राहिलेल्यांतून वसंतात नवी रोपे उगवतात. एवढे जड फळ वाऱ्याने दूर जाणार नाही. खारच त्याची माळीण.

तुम्ही करून पाहा

काळा अक्रोड आपल्याकडे मिळणार नाही. पण हाच प्रश्न आपण आपल्या झाडांना विचारू शकतो. नीलगिरीखाली गवत विरळ का असते? चिंचेखाली काही उगवत नाही, हे खरे काय?

चार बश्या घ्या. प्रत्येकीत टिपकागद घालून मुगाचे २५ दाणे मांडा. नीलगिरीची मूठभर पाने ठेचून पेलाभर पाण्यात रात्रभर भिजवा व गाळून घ्या. पहिल्या बशीत साधे पाणी, दुसरीत हा अर्क, तिसरीत निम्मा अर्क व निम्मे पाणी, आणि चौथीत तितक्याच आंब्याच्या पानांचा तसाच केलेला अर्क समप्रमाणात घाला. चौथी बशी कशासाठी? कोणत्याही पानांच्या अर्काने असेच होते की काय, हे कळावे म्हणून. पाच दिवस रोज किती दाणे रुजले ते मोजा आणि शेवटी कोंबांची लांबी पट्टीने मोजून सरासरी काढा. अर्क तोंडात किंवा डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि नंतर हात धुवा. गाजरगवतावरही असे प्रयोग झाले आहेत, पण त्याने अंगाला खाज सुटते व पुरळ येते. तुम्ही त्याच्या वाटेला जाऊ नका.

समजा, नीलगिरीच्या बशीत मूग कमी रुजले. मग नीलगिरी जमिनीत इतर झाडांना मारते, असे सिद्ध झाले काय? या लेखात ‘उलटतपासणी’ आहे, ती पुन्हा वाचा आणि वर्गात शिक्षकांबरोबर या प्रश्नाची चर्चा करा. बशीतला निष्कर्ष बशीपुरता असतो. तो मातीत नेण्यासाठी दुसरा प्रयोग लागतो.

माझ्या विद्यार्थ्याचे उत्तर आले आहे. झाड उभेच आहे. कुंड्या आणून झाल्या, आईने येथून जाताना टोमॅटोचे बी पुडीत बांधून ठेवले आहे, आणि शेजाऱ्याने ‘अ’ गटातल्या रोपांना पाणी घालण्याचे कबूल केले आहे. निकाल काय लागेल, हे आताच कोणी सांगू शकत नाही. पण झाड तोडायचे की नाही, हा निर्णय आता कोणाच्या मोठ्या आवाजावर होणार नाही. तो वहीतल्या नोंदींवर होईल.